कर्मवीर भाऊराव पाटील : एका पंगतीचे समाजशास्त्र

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने महाराष्ट्राला जी थोर माणसे दिली, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक आणि 'कमवा व शिका' या पद्धतीचे प्रवर्तक म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. त्यांनी उभारलेल्या शाळांची संख्याही नेहमी सांगितली जाते. तथापि या संख्येमागे एक प्रश्न होता आणि तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. विद्यार्थ्याच्या मनात समाजाचे भान नेमके कशाने निर्माण होते, हा तो प्रश्न होय. वर्गात समतेचा धडा शिकवावा आणि भोजनगृहात जातवार पंगती बसवाव्यात, तर मूल त्या पंगतीपासूनच शिकते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणून पुस्तकातील धडा, शाळेची रोजची रीत आणि सरकारचे धोरण या तिन्हींना एका दिशेला वळविण्याचा त्यांचा प्रयत्न होता.

बालपण आणि कोल्हापूरचे दिवस

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. वडील पायगोंडा पाटील, आई गंगाबाई. घराणे दिगंबर जैन. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे आणि मुलाची शाळाही बदलत असे. दहिवडी, विटे अशा गावी त्यांचे सुरुवातीचे शिक्षण झाले. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून लहानग्या भाऊरावांनी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

१९०२ साली ते माध्यमिक शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले. तो काळ कोल्हापूरच्या इतिहासात महत्त्वाचा होता. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. नोकरीची दारे उघडली, तरी तेथपर्यंत पोहोचण्यासाठी शिक्षण हवे होते, आणि हायस्कूल होते ते शहरात. खेड्यातील मुलाने शहरात राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा खरा अडसर होता. रोटीव्यवहार जातीने बांधलेला असल्यामुळे ज्याच्या त्याच्या जातीचे छत्र मिळाल्याखेरीज पालक मुलाला घराबाहेर पाठवीत नसत. ही अडचण ओळखून महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा, पैसा आणि उत्तेजन दिले. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली.

याच सुमारास जैन समाजातही जागृती होत होती. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. या भागातील जैन समाज प्रामुख्याने शेतकरी होता आणि शिक्षणात मागे होता. सभेच्या धुरीणांनी वसतिगृहांच्या द्वारे खेड्यापाड्यांतील मुलांना शहरातील शाळेची वाट मोकळी करून दिली. या उपकाराची नोंद ठेवलीच पाहिजे, कारण भाऊरावही कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगचेच विद्यार्थी होते. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखा उच्चविद्याविभूषित, कर्तव्यकठोर गृहस्थ तेथे देखरेखीस होता.

वसतिगृहातून बाहेर

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव आवर्जून गेले. परत आल्यावर वसतिगृहाच्या नियमाप्रमाणे त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला. माणसांना भेटून आल्याने माणूस अशुद्ध होतो, हे त्यांना मान्य नव्हते. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयास ठेवून घेतले. महाराजांच्या सहवासात राज्यकर्त्याचा निर्णय सामान्य रयतेच्या जीवनात कसा उतरतो, हे त्यांना जवळून पाहता आले.

ही घटना जैन समाजाला अवघड वाटणारी आहे; तरी ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बोर्डिंगचे चालक दुष्ट नव्हते. समाजाची मुले शिकावीत यासाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले होते. परंतु त्या काळच्या रूढीने त्यांच्या चांगल्या संस्थेतही एक धडा ठेवून दिला होता आणि तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेला नव्हता. आपली मुले वर यावीत, पण आपल्या कुंपणात राहून यावीत, हा तो धडा. जातवार वसतिगृहांनी शिक्षणाचे दार उघडले आणि त्याच वेळी कुंपणही कायम ठेवले. भाऊरावांना या दोन्ही गोष्टी दिसल्या. पहिलीबद्दलची कृतज्ञता त्यांनी सोडली नाही आणि दुसरी मोडून काढण्यास ते सिद्ध झाले.

हायस्कूलचे शिक्षण मात्र त्यांना पुरे करता आले नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे ते गेले नाहीत. १९०९ च्या सुमारास त्यांचा विवाह कुंभोजच्या पाटील घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. पुढे उपजीविकेसाठी साताऱ्यास येऊन ते शिकवण्या करू लागले. याच काळात समविचारी मित्रांसह वारणाकाठच्या दुधगाव येथे त्यांनी १९१० साली सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम सुरू केला. पुढील साऱ्या कार्याचे बीज तेथे पडले.

सत्याची कसोटी

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचे प्रयत्न झाले. लठ्ठे यांच्या विरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांनी ते झुगारले, तेव्हा त्यांनाच अटक झाली. कोठडीतील छळ इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. परंतु खोटी साक्ष दिली नाही. अखेर त्यांची सुटका झाली.

ज्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले, त्याच्याच देखरेखकर्त्याच्या बचावासाठी त्यांनी हे सोसले, ही गोष्ट सहसा ठळकपणे सांगितली जात नाही. सत्य आणि अहिंसा ही व्रते त्यांनी प्रवचनापुरती ठेवली नाहीत. मतभेद असलेल्या माणसावरही अन्याय होऊ द्यावयाचा नाही, ही त्यांची वृत्ती होती. समाजाशी भांडून समाजाचा द्वेष न करणे हे कठीण असते. भाऊरावांना ते साधले होते.

खेड्यांतील भ्रमंती

पुढे ओगले यांच्या कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने त्यांनी सातारा आणि आसपासचा मुलूख पायाखाली घातला. नांगराचे महत्त्व शेतकऱ्याला पटवून देताना त्यांना गावोगावचे वास्तव दिसले. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठविणारा शेतकरी, शाळाच नसलेली वाडी, आणि शाळा असलीच तर तिच्या दाराबाहेर बसविलेले अस्पृश्याचे मूल त्यांनी पाहिले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात सरकारच्या शैक्षणिक धोरणावर नेमके बोट ठेवले होते. सरकारी तिजोरीत भर घालतो शेतकरी आणि त्या पैशातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ होतो मूठभर वरिष्ठांना, हा त्यांचा आक्षेप होता. वरच्यांना शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, या कल्पनेवरच ते धोरण उभे होते. बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी फुले यांची मागणी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेऊन ती प्रत्यक्षात आणण्यास आरंभ केला. इंग्रजी मुलखातील सातारा जिल्ह्यात मात्र तसा राजा नव्हता. तेथे हे काम रयतेनेच करावयाचे होते.

काले ते सातारा : एकच चूल

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक विचारांच्या कार्यकर्त्यांच्या साक्षीने रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावात 'रयत' हा शब्द हेतुपूर्वक होता. बोधचिन्ह निवडले ते वटवृक्षाचे. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. राजर्षी शाहूंचे निधन १९२२ साली झाले होते. त्यांचे नाव या वसतिगृहास देण्यात आले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली आणि त्यांच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' हा नामकरण समारंभ झाला.

येथे शाहू महाराजांच्या कार्याची पुढची पायरी दिसते. महाराजांनी प्रत्येक समाजाला स्वतंत्र छत्र दिले, कारण त्या वेळी मुले शहरात यावयाची तर तोच मार्ग शक्य होता. पंधरा-वीस वर्षांनंतर भाऊरावांनी सर्वांना एका छताखाली आणले. मराठा, जैन, महार, मांग, मुस्लिम, रामोशी अशी मुले एकाच चुलीवरचे जेवत. दळणे, स्वयंपाक करणे, भांडी घासणे, झाडलोट करणे, शेतात राबणे ही कामे पाळीपाळीने सर्वांच्या वाट्यास येत. ज्याच्या हातची भाकरी घरी चालली नसती, त्याच्या हातची भाकरी येथे रोज खावी लागे. समतेवर व्याख्यान देण्याची गरज तेथे फारशी उरत नसे. स्वयंपाकाची पाळी आणि जेवणाची पंगत हेच त्या मुलांचे समाजशास्त्राचे पुस्तक होते.

श्रमाचा धडाही याच दिनक्रमात होता. शिक्षण घेतलेला शेतकऱ्याचा मुलगा मातीत हात घालण्यास लाजतो, ही खंत भाऊरावांना होती. अंगमेहनतीच्या मोबदल्यात शिक्षण, ही पद्धत त्यांनी त्यासाठीच बसविली. फी भरू न शकणाऱ्या मुलाला तीत भीक मागावी लागत नसे आणि भरू शकणाऱ्यालाही कष्टाची ओळख होत असे. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच वसतिगृहात वाढलेले विद्यार्थी पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या संसाराचा भार वाहिला तो लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या त्या माउलीला आरंभी हे सारे पचणे सोपे नव्हते. परंतु मुले घरात आली आणि त्या त्यांच्या आई झाल्या. धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने गेले. अखेर मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या अन्नासाठी दिले. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले. जैन परंपरेत त्यागाच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांच्या शेजारी या माउलीचे नाव आदराने ठेवावे, असे हे जीवन होते.

१९३२ साली पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू झाले. देशातील नेते ज्या ऐक्याचा करार कागदावर करीत होते, तेच ऐक्य भाऊराव वसतिगृहात घडवीत होते.

सरकारी धोरण आणि लोकांची शाळा

वसतिगृहाने शेकडो मुले घडतील, पण लाखो मुलांचे काय, या प्रश्नाने भाऊराव सरकारी धोरणाकडे वळले. गावोगाव शाळा हव्या असतील तर आधी गावात राहणारा, गावाला आपले मानणारा शिक्षक हवा, हे ओळखून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन महाविद्यालय काढले. तेच पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. स्त्रियांसाठीही जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू झाले.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाही, तेथे लोकांनी स्वयंप्रेरणेने शाळा काढाव्यात आणि सरकारने अनुदान द्यावे, असे धोरण या काळात पुढे आले. भाऊरावांनी ही संधी हातची जाऊ दिली नाही. साताऱ्याजवळच्या डोंगरावरील यवतेश्वर येथे आरंभ झाला आणि पुढे डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांत एकशिक्षकी शाळा निघाल्या. कोठे देवळात, कोठे चावडीत वर्ग भरत. १९४९ पर्यंत अशा शाळांची संख्या ५७८ झाली होती. प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी पुढे सरकारने आणि शाळा मंडळांनी घेतली, तेव्हा या शाळा त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या. आपण उभारलेली शाळा सरकारच्या हाती जावी, यात भाऊरावांना हार वाटली नाही. रयतेच्या मुलाला शिकविणे हे राज्याचेच कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. राज्य येईपर्यंत लोकांनी थांबून राहू नये, एवढेच ते सांगत.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे श्रमाधिष्ठित मोफत निवासी विद्यालय निघाले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५४ साली कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेजची स्थापना झाली. महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांचे स्मारक म्हणून १०१ विद्यालये काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला.

सरकारशी त्यांचे संबंध नेहमीच गोड नव्हते. स्पष्टवक्तेपणामुळे राज्यकर्त्यांचा रोष ओढवला आणि स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळात संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. संस्था बंद पडेल अशी वेळ आली. परंतु लोकांनी धान्य, पैसा देऊन संस्था जगविली आणि पुढे अनुदानही पूर्ववत झाले. धोरण अनुकूल असताना संस्था वाढते. ते प्रतिकूल होते तेव्हा ती लोकांच्या किती जवळ आहे याची परीक्षा होते. रयत त्या परीक्षेत उतरली.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी अर्पण केली. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या माणसाचा हा गौरव होता. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी देण्याचे राज्याचे धोरण याच सुमारास आकारास आले. 'कमवा व शिका' योजना पुढे महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी स्वीकारली.

समाजापुढील प्रश्न

भाऊरावांच्या पश्चात पाठ्यपुस्तके पुष्कळ बदलली. राज्यघटनेची उद्देशिका आणि प्रतिज्ञा पुस्तकाच्या आरंभीच छापली जाते. अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम नागरिकशास्त्राच्या तासाला शिकविले जाते. धड्यांची उणीव नाही. उणीव असेल तर ती शेजारच्या बाकावर कोण बसते यात आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी ठेवण्याची तरतूद केली. कायद्याने वर्गातील बाकांना हात घातला तो येथे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याकांचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा, असे मत नोंदविले. न्यायालयाचा निर्णय काय व्हावयाचा तो होईल. परंतु कायद्याने दार उघडण्याची सक्ती केली नाही म्हणून ते बंदच ठेवावे, असे कोठेही म्हटलेले नाही.

अल्पसंख्याकांना आपली भाषा, धर्म आणि संस्कार जपण्याचा अधिकार घटनेने दिला, तो योग्यच आहे. समाजाच्या गरजू मुलांना आधी आधार द्यावा, हेही स्वाभाविक आहे. शतकापूर्वीच्या जैन बोर्डिंगांनी तेच केले आणि त्यातून पिढ्या उभ्या राहिल्या. तथापि आपल्या मुलांना आधार देणे आणि इतरांच्या मुलांपासून त्यांना वेगळे ठेवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. भाऊरावांच्या आयुष्याने हा भेद सांगितला आहे. जीवदयेचा संस्कार घेतलेल्या मुलाने शेजारच्या वस्तीतील मुलाबरोबर कधी डबा खाल्लाच नसेल, तर त्याची दया वर्गातल्या धड्यापुरतीच राहील.

जैन समाज आज भाऊरावांचे नाव अभिमानाने घेतो आणि तो अभिमान सार्थ आहे. १९०८ साली त्यांना ज्या कारणासाठी बाहेर पडावे लागले, त्याच कारणासाठी समाज त्यांना आज मोठा मानतो, हा काळाचा न्याय होय. त्यांची तसबीर समाजाच्या अनेक सभागृहांत लागेल. त्यांचे खरे स्मरण मात्र समाजाच्या शाळांच्या आणि वसतिगृहांच्या प्रवेशाच्या वहीत शोधावे लागेल. दर जून महिन्यात त्या वहीत कोणाकोणाची नावे लिहिली जातात, यावरून ते स्मरण किती खरे आहे हे ठरेल.